सात्यांचा पत्ता वारुळात

मार्च सरत आला की गडचांदूरच्या पलीकडच्या माणिकगड डोंगरात कामाची घाई सुरू होते. पहाटे मोहफुले वेचायची, पुढे चारोळी, मे उजाडला की तेंदूपत्ता. रान भरभरून देते, पण या सगळ्या देण्यात अळिंबी कुठेच नसते. नेमक्या याच दिवसांत हिमाचल, काश्मीर आणि उत्तराखंडच्या उतारांवर माणसे डोळे बारीक करून गुच्छी शोधत असतात. वाळवलेल्या गुच्छीला किलोमागे हजारो रुपये मिळतात. त्यामुळे ‘वसंतात रानअळिंबी कुठे आणि केव्हा मिळते’ या प्रश्नाची उत्तरे देणारे बहुतेक लेखन गुच्छीभोवती फिरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला त्याचा उपयोग शून्य. इथला अळिंबीचा हंगाम पावसाळ्याचा आहे, जागा वेगळ्या आहेत आणि शोधण्याची रीतही वेगळी आहे. इथल्या रानातली सर्वांत मोलाची अळिंबी म्हणजे सात्या. कुठे तिला टेकोडे म्हणतात. नकाशावर खूण करून ती सापडत नाही. ती ज्या जिवाच्या आधाराने जगते त्याचा ठावठिकाणा कळला तरच सापडते. तो जीव म्हणजे उधई, म्हणजेच वाळवी. एवढे ध्यानात घेतले की सात्या कुठे आणि केव्हा मिळतात याचे उत्तर मिळतेच, शिवाय त्या पुढेही मिळत राहाव्यात म्हणून काय राखायचे तेही कळते.

आधी गुच्छी इथे का नाही, ते पाहू. अळिंबी म्हणजे बुरशीचे फळ. बुरशीचे खरे अंग धाग्यांच्या रूपाने मातीत, लाकडात किंवा पानांच्या थरात पसरलेले असते. वर दिसणारी छत्री बीजाणू पसरवण्यापुरती काही दिवसांसाठी येते. हे फळ केव्हा धरायचे, याचा इशारा प्रत्येक जातीला वेगळ्या गोष्टीतून मिळतो. गुच्छीला तो थंडीतून मिळतो. हिवाळाभर माती गारठलेली असावी लागते, मग बर्फ वितळून ओल मुरावी लागते आणि माती हळूहळू कोमट व्हावी लागते. हा बदल हिमालयाच्या मधल्या उंचीवर मार्च ते मे या काळात घडतो, म्हणून तिथे गुच्छी वसंतात उगवते. आपल्याकडे वसंत येतो तोच कोरडा. फेब्रुवारी संपताना साग पानगळ करून उघडा पडतो, माती तापू लागते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. थंडी मोडून ओल येण्याचा तो क्षण इथे येतच नाही. इथल्या बुरशीला इशारा मिळतो तो उन्हाळा मोडून ओल येते तेव्हा, म्हणजे मृगाच्या पावसानंतर. वसंताचे वेळापत्रक हातात घेऊन विदर्भाच्या रानात फिरणाऱ्याला म्हणूनच काही मिळत नाही. यात रानाचा दोष नाही, वेळापत्रक दुसऱ्या मुलखाचे आहे.

आता सात्यांकडे येऊ. शास्त्रात या अळिंबीच्या कुळाला टर्मिटोमायसिस म्हणतात. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये हे नाव दिले. उधईच्या वारुळात बुरशीची शेती असते, ही नोंद मात्र त्याहून पुष्कळ जुनी आणि आपल्याच देशातली आहे. तमिळनाडूत तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आलेले वैद्य योहान गेरहार्ड क्योनिग यांनी दक्षिणेतली वारुळे उकरून पाहिली आणि १७७९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वारुळाच्या आत कप्पे असतात आणि कप्प्यांत वाळलेल्या स्पंजासारखे दिसणारे करडे-तपकिरी गोळे असतात. उधई वाळके गवत, पाने, लाकूड चावून आणते आणि ते पोटातून जाऊन बाहेर पडले की त्याचा थर या गोळ्यावर चढवते. त्या थरात बुरशीचे धागे वाढतात. ज्या काष्ठद्रव्याला बहुतेक कीटकांचे पोट दाद देत नाही, ते ही बुरशी फोडते. गोळ्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे धरतात, ते उधई खाते. खालचा जुना झालेला भागही खाते आणि वर नवा थर चढवत राहते. हवा खेळती ठेवून आणि ओल राखून आतले तापमान तिशीच्या आसपास धरून ठेवण्याचे कामही तिचेच. बाहेर मे महिना असो की डिसेंबर, बुरशीच्या शेतात फार फरक पडत नाही. उधईच्या सगळ्या जाती ही शेती करत नाहीत. आफ्रिका आणि आशियातल्या सव्वातीनशेच्या आसपास जातींचे एक उपकुळ ती करते. आपल्याकडे मोठी वारुळे उभारणारी ओडोंटोटर्मिस ही त्यातलीच. टांझानियात अशा बुरशीगोळ्यांचे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची, हे लक्षात घेतले म्हणजे या भागीदारीचे वय कळते.

या भागीदारीमुळे ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर सुटते. पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या उधईचे थवे जमतात. ती वारुळातून निघालेली नर-मादीची पिढी असते. पंख गळतात, जोड्या जमिनीत शिरतात आणि नवी वसाहत सुरू होते. मात्र बहुतेक जातींत ही जोडी बुरशीचे बियाणे बरोबर नेत नाही. नव्या घरात पहिले कामकरी जन्मून बाहेर पडायला काही आठवडे लागतात आणि ते बाहेर पडतात तेव्हा वाळक्या पानांबरोबर आसपास पडलेले अळिंबीचे बीजाणूही आत आणतात. तिथून नव्या वारुळातली शेती सुरू होते. म्हणजे छत्र्या उघडून बीजाणू झडण्याची वेळ साधारणपणे थवे उडाल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी यावी लागते आणि ती तशीच येते. आपल्या नक्षत्रांच्या हिशेबात सांगायचे तर मृग-आर्द्रात थवे उडतात आणि पुनर्वसूपासून मघापर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, सात्यांचा मुख्य हंगाम चालतो. पाऊस लांबला तर तो सप्टेंबरातही सरकतो. नागपंचमी आणि पोळ्याच्या मधले दिवस ऐन भरात येतात. सलग झडीपेक्षा दोन-तीन दिवसांची झड, मग उघडीप, दमट उकाडा आणि पुन्हा सर, अशी हवा जाणकारांना अधिक भरवशाची वाटते. माती आतपर्यंत भिजलेली आणि वरून कोमट असणे, हा तिचा अर्थ. अशा रात्रीनंतरच्या पहाटे कळ्या वर येतात आणि दिवसभरात छत्र्या उघडतात. दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडतात, अळ्या धरतात, ओशट होतात. म्हणून या हंगामाची वेळ महिन्यांत सांगितली तरी प्रत्यक्ष तोडणीची वेळ काही तासांचीच असते.

‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तरही त्याच भागीदारीत आहे. उभे वारूळ ही सर्वांत सोपी खूण. डोंगराकडच्या लाल, मुरमाड जमिनीत, सागवान आणि मिश्र झाडीच्या कडेला, बांबूच्या रांजीजवळ, जुन्या धुऱ्यांवर वारुळे सहसा अधिक दिसतात. भेगाळणाऱ्या काळ्या कापूसजमिनीत ती त्या मानाने कमी. पण प्रत्येक वारुळावर सात्या येत नाहीत आणि प्रत्येक सातीखाली दिसणारे वारूळ नसते. कित्येक जातींची उधई जमिनीखालीच घर करते, वर टेकाड उभारत नाही. तिथली अळिंबी सपाट जमिनीतून उगवल्यासारखी वाटते. खात्री करायची तर एक देठ बोटांनी भोवतालची माती सैल करत हळूच वर काढावा. छत्रीखालचा देठ जमिनीशी संपत नाही. मुळासारखा निमुळता होत तो वीतभर, कधी हातभर खाली जातो आणि बुरशीच्या गोळ्यापाशी टेकतो. छत्रीच्या मध्यावर एक टणक, टोकदार उंचवटा असतो. वारुळाची घट्ट माती भेदून वर येण्याचे काम त्याचे. या कुळातल्या सगळ्या जाती सारख्या आकाराच्या नाहीत. एका जातीच्या नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या शेकड्यांनी एकत्र उगवून जमीन झाकून टाकतात. उधई जुन्या गोळ्याचा चुरा वर आणून टाकते, त्यावर त्या येतात. दुसऱ्या जातींच्या छत्र्या तळहाताएवढ्या होतात, आणि झांबियातल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते. वसाहत जिवंत असेपर्यंत एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे सात्या येतात. गावोगावच्या घरांत आपापल्या जागा आजीकडून नातीकडे जातात आणि बाहेर कोणाला सांगितल्या जात नाहीत, त्याचे कारण हेच.

सात्या म्हणजे इथली एकमेव रानअळिंबी नव्हे. भातपट्ट्यात खळ्याजवळ तणसाचे जुने ढीग भिजून तापले की त्यावर वेगळी, तणसावर वाढणारी अळिंबी येते. कुजत्या ओंडक्यांवर धिंगरीच्या रानटी बहिणी येतात. पूर्व सीमेपलीकडे बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून बोडा काढतात. तो गोटीसारखा असतो, त्याला छत्री नसते आणि तो सालाच्या मुळांशी सख्य करून जगतो. महाराष्ट्रात साल सीमेलगत तुरळकच असल्याने बोड्याचा बाजारही तिकडचा. पण या प्रत्येक उदाहरणात सूत्र तेच निघते. तणसाची अळिंबी तणस शोधणाऱ्याला सापडते, बोडा साल ओळखणाऱ्याला, सात्या उधई ओळखणाऱ्याला. गुच्छी शोधणारा हिमालयातला माणूसही बर्फ, ओल आणि झाडे वाचतच फिरतो. अळिंबी शोधणे म्हणजे तिच्या सोबत्याला ओळखणे, हे सूत्र सगळीकडे लागू पडते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गावची माणसे सांगतात त्याप्रमाणे ढग गडगडले, वीज कडाडली की सात्या येतात. मग उधई आणि नक्षत्रांचा एवढा पसारा कशाला? गडगडाटाची समजूत अनेक देशांत आहे आणि ती अगदी बिनबुडाची म्हणता येत नाही. जपानमध्ये इवाते विद्यापीठातील संशोधकांनी अळिंबीच्या ओंडक्यांना अतिशय अल्पकाळाचे उच्चदाबाचे विजेचे झटके देऊन उत्पन्न वाढलेले दाखवले आहे. पण ते प्रयोग लाकडावर लावलेल्या जातींवर झाले. आपल्या रानात गडगडाट हा जोरदार सरीचा आणि दमट उकाड्याचा सोबती असतो, आणि सात्यांना हवी असते ती तीच हवा. म्हणून गडगडाटाची खूण हंगामापुरती उपयोगी पडते. पण ढग कितीही गरजले तरी खाली बुरशीची शेती नसलेल्या जमिनीतून सात्या उगवणार नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. धिंगरी पोत्यात पिकते, बटण अळिंबी बारमाही मिळते, चीनमध्ये तर गुच्छीचीही शेतात लागवड होते. मग सात्याही लावल्या की प्रश्न मिटला. इथेच भागीदारीचा खरा अर्थ कळतो. धिंगरी वाळके काड खाऊन जगते, तिला कोणाची सोबत लागत नाही. निर्जंतुक केलेले काड आणि ओल दिली की ती वाढते. सात्यांच्या बुरशीचे धागे प्रयोगशाळेत वाढवता येतात, पण भरवशाने छत्र्या काढून देणारी व्यापारी लागवड आजवर कोणाला साधलेली नाही. चावून, पचवून, थरावर थर चढवून, परक्या बुरशीचा कण दिसताच काढून टाकून उधई जे शेत राखते, त्याची नक्कल अजून जमलेली नाही. परकी बुरशी किती टपून बसलेली असते, याचा पुरावा मेलेल्या वारुळात दिसतो. उधई निघून गेली की त्याच गोळ्यांवर काळ्या काड्यांसारखी झायलेरिया नावाची बुरशी फोफावते आणि सात्या कायमच्या थांबतात. म्हणून ‘लागवड करू’ हे सात्यांच्या बाबतीत उत्तर ठरत नाही. वारूळ हेच त्यांचे शेत आहे आणि ते माणसाला बांधता येत नाही.

तिसरा आक्षेप पर्यावरणप्रेमींचा: तोडल्याने ही अळिंबी संपत नाही का? स्वित्झर्लंडमध्ये एका राखीव जंगलात २९ वर्षे चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अळिंबी तोडल्याने, मग ती उपटा की कापा, पुढच्या उत्पन्नावर परिणाम दिसला नाही. जमीन तुडवल्याने मात्र छत्र्यांची संख्या घटली. हा निष्कर्ष तिथल्या जातींचा आहे, पण त्यातला विचार आपल्याला घेता येतो. फळ तोडण्याने झाड मरत नाही, मुळांवर घाव घातल्याने मरते. सात्यांच्या बाबतीत मूळ म्हणजे वारूळ. जास्त मिळतील म्हणून पहारीने वारूळ फोडणारा पुढच्या सगळ्या वर्षांचे पीक एका सकाळी संपवतो. मात्र तोडण्यालाही एक मर्यादा आहेच. नव्या वसाहतींना बीजाणू बाहेरूनच मिळवावे लागतात, हे वर आलेच आहे. बाजारात मिटलेल्या कळ्यांना मागणी जास्त. एकूण एक कळी उचलली तर त्या जागेवर एकही छत्री उघडत नाही. म्हणून प्रत्येक जागी काही छत्र्या पूर्ण उघडू द्याव्यात आणि जून झालेल्या, अळ्या धरलेल्या तर सोडूनच द्याव्यात. त्या खाण्याच्या कामाच्या नसतात, बीजाणूंच्या मात्र पुरेपूर कामाच्या असतात.

शेतकऱ्याचा आक्षेप सर्वांत जड आहे. उधई कापूस, ऊस, फळझाडांची कलमे आणि घरातली लाकडे खाते. शेतीच्या सल्ल्यातही वारूळ खणून राणी मारा, औषध ओता, असेच सांगतात. पिकात नुकसान करणाऱ्या उधईचा बंदोबस्त करू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण पिकाला उपद्रव देणाऱ्या जाती थोड्या आहेत आणि रानातल्या, पडीकातल्या, गावाबाहेरच्या वारुळांचा पिकाशी संबंध नसतो. तिथे उधई वाळका पालापाचोळा आणि मेलेले लाकूड पुन्हा मातीत मिळवते, जमीन आतून पोकळ करून पावसाचे पाणी मुरू देते. शेताचा नियम रानाला लावणे हे चुकीचे आहे. नागपंचमीला वारूळ पुजायचे, त्या दिवशी जमीन खणायची नाही, ही प्रथा पाळणारा समाज ऐन सात्यांच्या हंगामात एक दिवस तरी वारुळाला हात लावत नाही. तोच संयम रानातल्या वारुळांपुरता वर्षभर ठेवला तरी पुष्कळ होईल. वणव्याचेही तसेच. उत्तर अमेरिकेत जळलेल्या जंगलात पुढच्या वसंतात गुच्छीच्या काही जाती भरपूर येतात, म्हणून आगीने अळिंबी वाढते असा समज पसरतो. आपल्याकडे मोहाखाली जागा स्वच्छ व्हावी, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग पसरते तेव्हा जळतो तो पालापाचोळा, आणि पालापाचोळा हाच सात्यांच्या शेताचा कच्चा माल. गुच्छीचा नियम इथे लावला तर नुकसानच होते.

विषबाधेची भीती मात्र आक्षेप म्हणून झटकता येणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळिंबी खाऊन १३ जणांचा जीव गेला. चांदीचे नाणे काळे पडते का पाहा, तांदूळ किंवा लसूण टाकून रंग बघा, किड्यांनी खाल्लेली असली तर खुशाल खा, उकळून पाणी फेका, हे सगळे उपाय खोटे आहेत. यकृत निकामी करणारे अमानिटा कुळातले विष शिजवून जात नाही. त्याची लक्षणेही सहा तासांनंतर, कधी दिवसभराने दिसतात. मध्येच बरे वाटू लागते आणि मग प्रकृती ढासळते. पावसाळ्यात आपल्या मैदानांत, गवतात, पडीक जागी उगवणारी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ही पांढरी, तपकिरी खपल्यांची मोठी छत्री इतकी घातक नसली, तरी दोन-तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवे करते आणि नवख्याला ती सातीसारखीच वाटते. फरक असे: सातीचा देठ मुळासारखा खोल जातो, हिचा जमिनीशीच संपतो. छत्रीखालच्या पातळ पाकळ्या, ज्यांना कल्ले म्हणतात, त्या सातीत पांढऱ्याच्या गुलाबीसर होतात, हिच्यात हिरवट. देठाच्या बुडाशी पिशवीसारखे वेष्टन दिसले की ती अळिंबी नवख्याने सोडूनच द्यावी. एवढे वाचूनही कोणी पुस्तकी खुणांवर विसंबून ताटात वाढून घेऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या माणसाने हातात घेऊन सांगितल्याशिवाय रानअळिंबी खायची नाही, हा एकच नियम पुरेसा आहे. खाल्ल्यावर त्रास झाला तर उतरण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि उरलेली अळिंबी बरोबर न्यावी. गुच्छीसुद्धा कच्ची किंवा अर्धकच्ची विषारीच: अमेरिकेत मोंटाना राज्यात २०२३ च्या वसंतात गुच्छी असलेले पदार्थ खाऊन ५१ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. पौष्टिकतेचेही जरा मोजूनच बोलावे. ‘मटणाएवढी प्रथिने’ हा दावा वाळवलेल्या अळिंबीवर बेतलेला असतो. ताज्या अळिंबीत दहापैकी नऊ भाग पाणीच असते. भाव मात्र आठवडी बाजारात अनेकदा मटणाच्या तोडीचा असतो, तो चवीचा आणि दुर्मीळतेचा.

आता हे सारे इथल्या भूमीला लावून पाहू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि त्याचा जवळपास ७० टक्के भाग आजही जंगलाखाली आहे. त्याच्या पश्चिमेला गडचांदूर, कोरपना, राजुरा हा पट्टा चुनखडीचा. इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले, खाणी खोदल्या गेल्या. झाड तोडले तर त्याची नोंद होते, भरपाईचे रोप लावले जाते. वारूळ मात्र कोणत्याही मोजणीत नसते आणि खोदकामात गेलेली वसाहत रोपासारखी पुन्हा लावता येत नाही. कायद्याचीही हीच गत. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी यादी आहे, तीत बांबू, तेंदू, मध, मेण, लाख, टसर, औषधी वनस्पती, कंदमुळे आहेत. अळिंबीचे नाव नाही, आणि व्याख्या वनस्पतीजन्य उत्पन्नाची आहे, तर शास्त्राच्या लेखी बुरशी ही वनस्पती नाही. मध आणि टसर सामावून घेणाऱ्या कायद्याचा उद्देश अळिंबीला वगळण्याचा नसणार, हे उघड आहे. पण उद्देश गृहीत धरण्यापेक्षा नोंद असणे बरे. वन्यजीव कायद्याखाली ताडोब्यासारख्या राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलता येत नाही आणि ते योग्यच आहे. त्याबाहेरच्या जंगलातही पावसाळी झाडी दाट असते, वाकून वेचणाऱ्या माणसाला वाघ दिसत नाही आणि वाघाला माणूस माणसासारखा दिसत नाही. मोह, तेंदू, सरपण यांच्यासाठी गेलेली माणसे दरवर्षी या जिल्ह्यांत बळी पडतात. सात्यांसाठीही एकट्याने, अंधारात जाऊ नये.

नोंद करण्याची वाट मोकळी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले आणि पुढे २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकारही हाती घेतला. म्हणजे ग्रामसभेने मनावर घेतले तर रानाचा हिशेब गावाला ठेवता येतो. त्या हिशेबात आता वारुळे यावीत. कोणत्या शिवारात किती वारुळे जिवंत आहेत, कोणत्या नक्षत्रात कुठे सात्या आल्या, कोणती जागा आटली, एवढी नोंद पावसाळ्यात शाळेतली मुलेही करू शकतात. जागा गुप्त ठेवायच्या असतील तर आकडा लिहावा, ठिकाण लिहू नये. अशी चार-सहा वर्षांची वही हाती असली तर खाण, रस्ता किंवा तोडीच्या प्रस्तावावर बोलताना गावाजवळ पुरावा असेल. तोवर प्रत्येकाने पाळावे असे तीन नियम आहेत: रानातले वारूळ फोडू नका, पालापाचोळा जाळू नका, आणि दर जागेवर काही छत्र्या उघडू द्या.